घरात चोर-अलार्म बसवताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलार्म असला की चोरी होणारच नाही ना?

अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि कुणी दिलीच तर तिच्यावर विसंबू नका. अलार्म चोराला अडवत नाही, त्याच्या हातातला वेळ काढून घेतो. बंद घरात शिरलेल्या माणसाला एरवी घाई नसते. कपाटं, ड्रॉवर, गाद्यांखालची जागा, सगळं निवांत धुंडाळता येतं. सायरन सुरू झाला की तो निवांतपणा संपतो. अडवण्याचं काम दाराचं, कडी-कोयंड्याचं आणि कुलपाचं आहे. म्हणून चौकट खिळखिळी असेल किंवा मागच्या खिडकीची खिटी बसतच नसेल, तर आधी सुताराला बोलवा आणि अलार्मचं काम त्यानंतर काढा.

खबर जितक्या लवकर मिळेल तितका अलार्म कामाचा. चोर दाराशी झटत असताना वाजलेला सायरन घर वाचवतो. तो कपाटापाशी पोचल्यावर वाजला, तर उरलंसुरलं वाचतं. सेन्सरची जागा ठरवताना मी दर वेळी हाच प्रश्न विचारतो: या बाजूने माणूस आला, तर त्याची पहिली चाहूल कुठे लागेल?

संचात काय काय असतं?

एक कंट्रोल पॅनेल आणि त्याच्या पोटात बॅटरी. दाराजवळ कीपॅड. दार-खिडक्यांना मॅग्नेटिक सेन्सर, आत मोशन सेन्सर, एक सायरन घरात आणि एक बाहेर. शिवाय खबर घराबाहेर पोचवायला सिमकार्ड, वाय-फाय किंवा दोन्ही. काचेची मोठी तावदानं असतील तर काच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सरही घ्यावा. रिमोट, पॅनिक बटण वगैरे गरजेप्रमाणे.

सेन्सर किती लागतील, हे कसं ठरवायचं?

खरेदीला निघण्याआधी एक काम करा. किल्ली आत राहिली आहे असं समजून घराभोवती फेरी मारा. कुठून आत जाता येईल? पाइपाला धरून बाथरूमच्या झरोक्यापर्यंत? एसीच्या बाहेरच्या युनिटवर पाय ठेवून गॅलरीत? शेजारच्या गच्चीवरून? घरातल्या मुलांनाही विचारा, त्यांना असे रस्ते मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात. तळमजल्यावरचं प्रत्येक दार-खिडकी आणि वरच्या मजल्यावरची, जिथे पाय ठेवायला आधार आहे अशी प्रत्येक जागा कागदावर उतरवा. मॅग्नेटिक सेन्सरची यादी आपोआप तयार होते.

मग आतला असा रस्ता शोधा जो टाळून चोराला फिरताच येणार नाही. बहुतेक घरांत तो पॅसेज असतो नाहीतर जिन्याचा पायथा. तिथे एक मोशन सेन्सर नीट बसवला, तर तो प्रत्येक खोलीत कसाबसा लावलेल्या चार सेन्सरांना भारी पडतो.

मॅग्नेटिक सेन्सर बसवताना काय बघावं?

दिसायला या दोन छोट्या प्लास्टिकच्या कांड्या असतात. मोठी चौकटीवर, छोटी पल्ल्यावर. मोठीच्या आत काचेची बारीक नळी असते आणि नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकांवर आलेली, मध्ये केसभर फट. याला रीड स्विच म्हणतात. छोट्या कांडीत चुंबक असतं. दार बंद असताना चुंबकाच्या ओढीने पट्ट्या चिकटतात आणि सर्किट पूर्ण होतं. दार उघडलं की त्या सुटतात. शांत वेळी कान जवळ नेऊन दार हळूच उघडा, बारीकसा ‘टिक’ ऐकू येईल.

चुका होतात त्या जागेत. बिजागरीच्या बाजूला सेन्सर लावला तर दार बरंच उघडेपर्यंत चुंबक जागचं फारसं हलतच नाही. तो कडीच्या बाजूला, वरच्या भागात हवा. दोन कांड्यांमधलं अंतर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ठेवा. साध्या सेन्सरना साधारण १५ ते २० मिलिमीटरपर्यंत चालतं. लोखंडी दारावर ही मर्यादा बरीच घटते, कारण लोखंड चुंबकाची ओढ स्वतःकडे वळवतं. तिथे कांडीखाली प्लास्टिकचा ठोकळा द्या किंवा लोखंडी दारांसाठीच बनवलेला मोठा सेन्सर घ्या. लाकडी दार दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, त्यामुळे अंतर अगदी काठावर ठेवू नका.

तपासणी सोपी आहे. दार बोटभर उघडा. तेवढ्यात पॅनेलने नोंद घेतली नाही, तर सेन्सर काढून पुन्हा लावायला सांगा.

मोशन सेन्सर नेमका कुठे लावायचा?

या प्रश्नावर जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

घरात वापरला जाणारा सेन्सर बहुधा पीआयआर प्रकारचा असतो. तो स्वतः काही सोडत नाही, फक्त उष्णता ‘बघतो’. आपलं शरीर सतत अवरक्त किरण सोडत असतं, त्यांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो, आणि सेन्सर नेमका तोच पट्टा पकडतो. समोरच्या दुधी प्लास्टिकवर बारीक चौकोन दिसतात ना, ते भिंग आहे. ते खोलीची पंख्यासारखी फाकलेली पाती पाडतं: एक दिसणारी, एक न दिसणारी, पुन्हा एक दिसणारी. ऊबदार शरीर एका पात्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सरला फरक जाणवतो.

यावरूनच जागा ठरते. सेन्सरसमोरून आडवा जाणारा माणूस भराभर पाती ओलांडतो आणि लगेच सापडतो. सरळ सेन्सरच्या दिशेने चालत येणारा उशिरा सापडतो. म्हणून दाराच्या अगदी समोरच्या भिंतीवर सेन्सर लावणं ही चांगली जागा नव्हे. शेजारच्या भिंतीच्या कोपऱ्यात, जिथून येणारा माणूस आडवा कापत जाईल, अशी जागा निवडा. उंची २.१ ते २.४ मीटर. बहुतेक सेन्सरचा पल्ला १२ मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे साध्या खोलीला एक पुरतो.

काय टाळायचं? थेट ऊन येणारी खिडकी, एसीचा झोत, हीटर, फ्रिजची मागची बाजू, झुलणारा पडदा. सेन्सर खिडकीच्या आत ठेवून बाहेरचं अंगण राखायचा प्रयत्नही करू नका. ही उष्णता खिडकीच्या काचेतून आरपार जात नाही, त्यामुळे काचेपलीकडचा माणूस त्याला दिसतच नाही. खोलीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोचलं की फरक पुसट होतो आणि पल्ला घटतो. उकाड्याच्या प्रदेशात तापमानाप्रमाणे संवेदनशीलता जुळवून घेणारा सेन्सर मागून घ्या.

आणि कोळी. एका घरी आठवडाभर रात्री दोन-अडीचला अलार्म वाजायचा. वायर तपासली, बॅटरी बदलली, घरची माणसं रडकुंडीला आली. शेवटी शिडी लावून सेन्सरपाशी गेलो तर भिंगाच्या खालच्या कडेला नखाएवढा कोळी, आणि त्याचं जाळं भिंगावरूनच गेलेलं. भिंगाला चिकटून चालणारा एवढासा जीवही सेन्सरला मोठ्या हालचालीसारखा वाटतो. तेव्हापासून मी वायरचं भोक सिलिकॉनने बंद केल्याशिवाय सेन्सरचं झाकण लावत नाही. तुम्हीही महिन्यातून एकदा मऊ कोरड्या कापडाने भिंग पुसत जा.

घरात कुत्रा किंवा मांजर आहे. मग मोशन सेन्सर नकोच का?

पाळीव प्राण्यांकडे दुर्लक्ष करणारे सेन्सर मिळतात. प्राण्याचं वजन किती चालेल ते खोक्यावर लिहिलेलं असतं. पण तो सेन्सर सांगितलेल्या उंचीवरच लावावा लागतो, आणि समोर सोफा, जिना किंवा कपाट नको. कपाटावर उडी मारलेलं मांजर सेन्सरच्या नजरेत माणसाच्या उंचीवर येतं. मोठा कुत्रा मोकळा फिरत असेल तर मी सरळ सांगतो: दार-खिडक्यांचे सेन्सर वाढवा आणि मोशन सेन्सर कुत्रा जाऊ शकत नाही अशाच भागात ठेवा.

वायरचा संच चांगला की वायरलेस?

घराचं बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती चालू असेल तर वायर. भिंती उघड्या असताना चार किंवा सहा तारांची केबल टाकून घेतली की पुढे सेन्सरच्या बॅटऱ्यांची कटकट राहत नाही आणि जॅमरची, म्हणजे वायरलेस सिग्नल गोंगाटाने दाबून टाकणाऱ्या यंत्राची, भीतीही नाही. फक्त ही केबल विजेच्या वायरिंगबरोबर एकाच पाइपात घालू देऊ नका.

राहत्या घरात वायरलेस सोयीचं. न भिंत फोडायची, न धूळ. सेन्सरमधल्या लिथियम बॅटऱ्या वापरानुसार काही वर्षं टिकतात. घेताना दोन गोष्टी विचारा. संच दुतर्फा आहे का, म्हणजे सेन्सर आणि पॅनेल एकमेकांना उत्तर देतात का? आणि सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ अशी हजेरी लावतो का? स्वस्तातले काही सेन्सर फक्त अलार्मच्या वेळी एकदा ओरडतात. ते पॅनेलला ऐकू गेलं नाही, किंवा सेन्सर महिनाभरापूर्वीच बंद पडला असेल, तर कुणालाच पत्ता लागत नाही. काही जुन्या संचांत रिमोटचा कोड कायम एकच असतो. तो हवेतून टिपून पुन्हा वाजवता येतो. असा संच फुकट मिळाला तरी घेऊ नका.

चोराने वायरच कापली तर?

विजेच्या अलार्मचं अमेरिकेतलं सुरुवातीचं पेटंट ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ साली घेतलं. त्यात दार उघडलं की सर्किट पूर्ण होई आणि घंटा वाजे. अशा मांडणीत वायर तोडली की घंटा मुकी होते. आज उलट चालतं: सर्किट कायम पूर्ण असतं आणि ते तुटलं की अलार्म. त्यामुळे कापलेली वायर हीच खबर ठरते.

मग चोर वायर कापण्याऐवजी दोन तारा एकमेकींना जोडू शकतो. त्यावर उपाय म्हणून वायरच्या शेवटी, सेन्सरच्या आत, एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक अडथळा देणारा भाग, घालतात. पॅनेल त्याचं मूल्य सतत मोजत राहतं. तारा जोडल्या की मूल्य बदलतं आणि पॅनेलला कळतं. हा रेझिस्टर सेन्सरच्या टोकालाच हवा. काम उरकायच्या घाईत काही फिटर सगळे रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच लावून टाकतात. पॅनेल ‘सगळं ठीक’ दाखवतं, पण वायरचं संरक्षण शून्य. फिटर निघण्याआधी एक सेन्सर उघडून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि लाइट गेली तर?

पॅनेलमधली बॅटरी त्यासाठीच आहे. वायरच्या संचात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते. ती किती पुरेल हे घरीच काढता येतं. समजा पॅनेल, कीपॅड, सिमचं मॉड्यूल आणि सेन्सर मिळून ३०० मिलिअँपिअर घेतात. ७ भागिले ०.३, म्हणजे कागदावर सुमारे २३ तास. बॅटरी जुनी झाली की हे निम्म्यावर येतं आणि सायरन वाजू लागला की भराभर उतरतं. युरोपातल्या ईएन ५०१३१ या मानकात घरगुती कामासाठी नेहमी वापरली जाणारी श्रेणी म्हणजे श्रेणी २. तिच्यात बॅटरीवर किमान १२ तास चालण्याची अट आहे. तुमच्याकडे त्याहून जास्त वेळ वीज जात असेल तर मोठी बॅटरी बसवा.

लोक विसरतात ती गोष्ट राउटरची. पॅनेल जागं असतं, पण राउटर बंद, मग मोबाइलवर सूचना यायची कशी? राउटरला छोटा यूपीएस लावा, किंवा पॅनेलमध्ये सिमकार्डाचा दुसरा मार्ग ठेवा. मी दोन्ही करायला सांगतो. सिमचं मॉड्यूल फक्त टूजीवर चालणारं घेऊ नका, अनेक देशांत जुनी नेटवर्क बंद झाली आहेत किंवा होत आहेत. सिमचा रिचार्ज संपत नाही ना, याची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

जॅमरने वायरलेस संच बंद पाडता येतो का?

येतो. पण चांगला संच त्याच्या पट्ट्यात अचानक गोंगाट वाढला की ‘जॅमिंग’ म्हणून ओळखतो आणि स्वतःहून इशारा देतो. ही सोय आहे का, आणि ती सेटिंगमध्ये चालू केली आहे का, हे दोन्ही विचारा. बऱ्याच संचांत ती असते पण बंद ठेवलेली असते.

पॅनेल आणि सायरन कुठे ठेवायचे?

पॅनेल दाराजवळ नको. आत आल्या आल्या हाताला लागलं तर ते उखडून फेकलं जाईल. आतल्या खोलीत, सेन्सरच्या टप्प्यात राहील असं लावा. दाराजवळ फक्त कीपॅड, तोही असा की बाहेरून खिडकीतून बटणं दिसू नयेत.

बाहेरचा सायरन शिडीशिवाय हात पोचणार नाही इतका उंच, रस्त्यावरून दिसेल असा. त्याच्या आत स्वतःची बॅटरी असावी आणि झाकण उघडताच वाजणारा टॅम्पर स्विच असावा. आतला सायरन वेगळा हवाच. ११० डेसिबलचा आवाज बंद खोलीत सहन होत नाही, समोर उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. चोराला घराबाहेर काढायला तोच लागतो. बाहेरचा सायरन किती मिनिटं वाजू द्यायचा यावर बऱ्याच ठिकाणी कायदेशीर मर्यादा असते. ती बघून वेळ लावा.

घरातून निघताना आणि परत येताना सायरन वाजणार नाही का?

नाही. निघताना आणि आत येताना थोडा वेळ मिळतो, साधारण अर्धा-पाऊण मिनिट. तुमच्या पायांनी मोजून तो लावा: दार उघडा, चप्पल काढा, कीपॅडपाशी जा, कोड दाबा. जितका लागला त्यात दहा सेकंद वाढवा, बस. वयस्कर माणसं असतील तर त्यांच्या चालीने मोजा. ही सवलत फक्त मुख्य दाराला. खिडक्या आणि मागचं दार यांचा झोन, म्हणजे पॅनेलमधला सेन्सरांचा गट, तत्काळ वाजणारा ठेवा, तिथून तुम्ही कधीच आत येत नाही.

रात्री आम्ही घरातच असतो. तेव्हा अलार्म बंद ठेवायचा का?

कृपा करून बंद ठेवू नका. प्रत्येक संचात ‘स्टे’ किंवा ‘होम’ अशी पद्धत असते. तिच्यात दार-खिडक्यांचे सेन्सर जागे राहतात आणि आतले मोशन सेन्सर झोपतात, म्हणजे तुम्ही पाणी प्यायला उठलात तरी काही वाजत नाही. गावाला जातानाच अलार्म लावणारी कितीतरी घरं मी बघितली आहेत. घरात माणसं झोपलेली असताना कुणी आत शिरलं, तर तिथे वस्तूंबरोबर जिवाचाही प्रश्न असतो. झोपण्याच्या खोलीत दुसरा कीपॅड किंवा निदान रिमोट ठेवा. उशाशी हात लांबवून अलार्म लावता आला तर रोज लावला जातो. उठून दारापर्यंत जावं लागलं तर चौथ्या दिवशी कंटाळा येतो.

कोडबद्दल काय काळजी घ्यावी?

कारखान्यातून आलेला कोड पहिल्याच दिवशी बदला. तुमचा तर बदलाच, पण फिटरचाही. पॅनेलला इन्स्टॉलर कोड नावाचा वेगळा कोड असतो, त्याने सगळं सेटिंग उघडतं, आणि तो बहुधा कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलाच तसाच राहिलेला असतो. नवीन कोड बंद पाकिटात स्वतःकडे ठेवा.

घरकामाला येणाऱ्या बाई, पाहुणे, मुलं यांना वेगवेगळे कोड द्या. पॅनेलच्या नोंदीत कोण कधी आलं ते दिसतं आणि एखादा कोड नेमका रद्द करता येतो. ड्युरेस कोडही शिकून घ्या. कुणी धमकावून अलार्म बंद करायला लावला तर तो दाबायचा: वरवर अलार्म बंद होतो, आणि खबर गुपचूप बाहेर जाते.

काच फुटल्याचा सेन्सर खरंच लागतो का?

चोर खिडकी न उघडता काच फोडून आत आला, तर मॅग्नेटिक सेन्सरला काहीच कळत नाही. ग्रिल असलेल्या लहान खिडक्यांना गरज नाही. जमिनीपर्यंतच्या तावदानांना आहे. जाड पडदे आवाज गिळतात, तेव्हा पडदे ओढून चाचणी घ्या.

कॅमेरे आहेत. मग अलार्म कशाला?

कॅमेरा काय झालं ते दाखवतो. अलार्म होत असताना ओरडतो. दोन्ही असतील तर उत्तम, कारण सूचना आल्यावर कॅमेऱ्यात बघून खरं-खोटं लगेच कळतं. एकच घ्यायचं असेल तर मी अलार्म घेईन.

स्वतः बसवता येईल का? घर भाड्याचं असेल तर?

वायरलेस संच सवडीने स्वतः बसवता येतो. भाड्याच्या घरात तोच बरा, सेन्सर दुहेरी चिकटपट्टीवर बसतात आणि घर सोडताना सोबत नेता येतात. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, कोरडा करून मगच पट्टी लावा. सेन्सर कायमचे बसवण्याआधी त्या त्या जागेवरून सिग्नलची ताकद तपासा. मध्ये लोखंडी कपाट किंवा काँक्रीटची जाड भिंत आली की फरक पडतो. वायरचा संच आणि मुख्य वीजजोडणी मात्र जाणकाराकडूनच.

विनाकारण वाजणं कसं थांबवायचं?

आधी घरच्यांना शिकवा. बहुतेक खोटे अलार्म यंत्रामुळे नाही, विसरल्यामुळे होतात: मागची खिडकी उघडी राहिली, कुणी किल्ली घेऊन आलं आणि कोड माहीत नव्हता. पहिला आठवडा सूचना फक्त स्वतःच्या मोबाइलवर ठेवा, बाहेरचा सायरन बंद. सगळ्यांच्या हाताला सवय झाली की चालू करा. त्यानंतरही एकच सेन्सर वारंवार वाजत असेल तर संवेदनशीलता कमी करत बसू नका, त्याची जागा बदला. दोन-तीनदा उगाच वाजलेल्या सायरनकडे शेजारी चौथ्या वेळी बघत नाहीत.

देखभाल किती लागते?

महिन्यातून एकदा पॅनेल टेस्ट मोडमध्ये टाकून सगळ्या घरातून चाला, प्रत्येक दार-खिडकी उघडा आणि सायरन दोन सेकंद वाजवा. टेस्ट मोड आवश्यक आहे, कारण बॅटरी वाचवण्यासाठी बरेच वायरलेस मोशन सेन्सर एकदा हालचाल टिपली की काही मिनिटं गप्प बसतात आणि तुम्हाला ते बिघडल्यासारखे वाटतील. सहा महिन्यांतून एकदा पॅनेलची वीज काही तास बंद करून बॅटरी बघा. सीलबंद बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. बदललेली तारीख तिच्यावरच मार्करने लिहा.

खरंच अलार्म वाजला तर काय करायचं?

तुम्ही बाहेर असाल आणि घराचं दार उघडं किंवा फुटलेलं दिसलं, तर आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो. लांब उभं राहून पोलिसांना फोन करा, शेजाऱ्यांना सावध करा, आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबा. तुम्ही घरात असाल तर सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार आतून लावा, सायरन वाजू द्या आणि फोन करा. तपासणीला खोल्यांमधून फिरू नका.

यासाठी दोन शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. सायरनचा आवाज त्यांना एकदा ऐकवा, तुमचा आणि घरातल्या आणखी एकाचा नंबर द्या, आणि आवाज आला तर त्यांनी काय करायचं ते स्पष्ट सांगा: तुम्हाला फोन, उत्तर नाही आलं तर पोलिसांना फोन, आणि घरात पाऊल नाही.